लस दिली होती, मग गाठी कशा आल्या?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी हा आपल्या या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळले तेवढं काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा इतिहास राजांचा नाही, कोंबड्यांचा आहे. आणि तो मी का शोधायला घेतला, हे आधी सांगते.

मी सातवीत होते तेव्हा सिन्नर तालुक्यात माझ्या मामांची पोल्ट्री होती. शेजारी शेजारी दोन शेड. एकात जुनी बॅच अंडी देत होती, दुसऱ्यात दीड हजार तलंगा वाढत होत्या. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा त्या साडेचार महिन्यांच्या होत्या, म्हणजे आता अंड्यावर येणार. खाद्याचा खर्च होऊन गेलेला आणि एकही अंडं अजून विकलेलं नाही, असे ते दिवस. पोल्ट्रीवाल्याचा जीव तेव्हाच सगळ्यात जास्त टांगणीला असतो.

एका सकाळी मामांनी मला एक तलंग दाखवली. भाताच्या तुसावर एका कुशीवर पडली होती. एक पाय पुढे ताणलेला, दुसरा मागे. डोळे टक्क उघडे होते आणि समोर दाणे टाकले तर ती टोचतही होती, फक्त उठता येत नव्हतं. आठवड्याभरात अशा कितीतरी झाल्या. डॉक्टर आले, त्यांनी एक मेलेली कोंबडी उघडली. मी दारातून बघत होते. कलेजी नेहमीच्या दुपटीने मोठी, आणि तिच्यावर पांढुरक्या गाठी. डॉक्टर एवढंच म्हणाले, "मॅरेक्स."

मामा म्हणाले, "पण पिल्लं हॅचरीतून लस टोचूनच आली होती."

मग जे व्हायचं तेच झालं. मामांचं म्हणणं, हॅचरीने लसीच्या नावाखाली पाणी टोचलं. हॅचरीवाल्यांचं म्हणणं, तुमच्याच शेडमध्ये घाण. नमुना प्रयोगशाळेत कुणी पाठवलाच नाही. पोल्ट्री बंद झाली आणि त्या शेडमध्ये आज कांदा भरतात. मामांचा मात्र लस या गोष्टीवरचाच विश्वास उडाला, तो कायमचा. २०२१ मध्ये घरातले सगळे कोविडच्या लसीसाठी रांगेत उभे होते तेव्हा मामा ओसरीवर बसून म्हणायचे, "माझ्या दीड हजार कोंबड्यांना विचारून या आधी."

म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी नुसता अभ्यासाचा नाही. लस दिली होती, मग गाठी कशा आल्या? याचं उत्तर शोधत गेले तर थेट १९०७ सालात जाऊन पोचले.

चार कोंबडे आणि एक कोंबडी

१९०७, बुडापेस्ट. योझेफ मारेक नावाचे पशुवैद्यकाचे प्राध्यापक. त्यांच्यासमोर चार कोंबडे आले, पाय आणि पंख लुळे पडलेले. मारेकनी तपासलं तर मज्जातंतू सुजून जाड झाले होते. त्यांनी वर्णन लिहिलं ते मज्जातंतूंच्या रोगाचं. त्यात गाठींचा विषय नव्हता. पुढे या रोगाला त्यांचंच नाव मिळालं, आणि आपल्याकडे तो मॅरेक्स झाला.

पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, कोपनहेगनला विल्हेल्म एलरमन आणि ओलुफ बँग या दोघांनी वेगळंच काहीतरी दाखवलं. कोंबड्यांना रक्ताचा एक कर्करोग होतो, ल्युकेमिया. अशा कोंबडीच्या शरीरातला रस त्यांनी इतक्या बारीक गाळणीतून गाळला की पेशी पलीकडे जाऊच नयेत. तो गाळलेला रस निरोगी कोंबडीला टोचला, तर तिलाही ल्युकेमिया झाला. म्हणजे रोग पसरवणारी चीज पेशीपेक्षा लहान होती. पण त्या काळी ल्युकेमियाला कुणी खरा कर्करोग मानत नव्हतं, त्यामुळे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

१९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राउस नावाच्या तिशीतल्या शास्त्रज्ञाकडे प्लायमाउथ रॉक जातीची एक कोंबडी आली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. राउसनी आधी त्या गाठीचे तुकडे तिच्याच वंशाच्या इतर कोंबड्यांत लावून बघितले, गाठी वाढल्या. मग गाठ वाटून, पेशी आणि जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून, तो रस टोचला. तरी गाठी आल्या! आणि ही तर घट्ट मांसाची गाठ, तिला कर्करोग म्हणायला नकार कसा देणार? १९११ मध्ये त्यांनी हे छापलं.

लोकांनी नकार दिलाच. कुणी म्हणालं गाळणीतून एखादी पेशी निसटली असेल. कुणी म्हणालं हा खरा कर्करोगच नाही. आणि बहुतेकांनी मनातल्या मनात म्हटलं असेल की कोंबडीचं काय घेऊन बसलात, माणसाचं बोला. राउसनी उंदरांत असंच काही सापडतंय का ते बघितलं, जमलं नाही, आणि काही वर्षांत त्यांनी हा विषय बाजूला ठेवला. मग पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने सायट्रेट आणि साखरेचं द्रावण घालून रक्त बरेच दिवस टिकवण्याची पद्धत बसवली. ज्याला आपण आज रक्तपेढी म्हणतो तिच्या पायाचा तो एक दगड.

कोंबडीच्या गाठीसाठी त्यांना नोबेल मिळालं ते १९६६ मध्ये. शोध छापल्यानंतर पंचावन्न वर्षांनी, वयाच्या ८७ व्या वर्षी.

एकाच कोंबडीत दोघं

आता इथे थांबून जरा हिशोब करू. एकीकडे मारेक यांचा लुळेपणा. दुसरीकडे डेन्मार्कचा ल्युकेमिया, त्याच्याच घराण्यातला ल्युकोसिस, आणि राउसची गाठ. हे रोग किती? एक की अनेक?

१९२० च्या दशकात अमेरिकेत पापेनहाइमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की लुळ्या पडलेल्या काही कोंबड्यांच्या पोटातही गाठी असतात. मग गोंधळ वाढला. लुळेपणा, डोळ्याची बुबुळं राखाडी होणं, कलेजीवर गाठी, रक्ताचा कर्करोग, सगळं एकाच रोगाची रूपं समजून एकाच मोटेत बांधलं गेलं. नुकसान इतकं होतं की १९३९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने मिशिगनमधल्या ईस्ट लॅन्सिंगला या विषयासाठी खास प्रयोगशाळा उभी केली. तरी गुंता सुटायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली.

का? या प्रश्नाच्या उत्तरात मला पहिल्यांदा मामांची पोल्ट्री दिसली. कारण साधं होतं. ज्या कोंबड्यांवर प्रयोग चालले होते त्यांच्यातच आधीपासून दुसरा विषाणू लपलेला असायचा.

ल्युकोसिसचा विषाणू आईकडून अंड्यातून पिल्लात उतरतो. असं पिल्लू बाहेरून ठणठणीत दिसतं. तुम्ही त्याला मॅरेक्सचा माल टोचला आणि गाठ आली, तर ती कशाची? नव्या पाहुण्याची की घरात आधीच राहणाऱ्याची? सांगता येत नव्हतं.

हा लपलेला भाडेकरू १९६० मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॅरी रुबिन यांनी मजेशीर रीतीने पकडला. ते कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर राउसचा विषाणू वाढवत होते. काही अंड्यांतल्या पेशींना मात्र तो लागेचना. कारण शोधलं तर त्या पेशींत ल्युकोसिसचा विषाणू आधीच घर करून बसला होता आणि नातेवाइकाला दार उघडत नव्हता.

मग दोन गोष्टींनी फाळणी झाली. पहिली, कोंबडीच्या गुदद्वाराजवळची एक छोटी पिशवी, बर्सा. प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशींना आपण बी पेशी म्हणतो, त्यातला 'बी' या बर्सावरूनच आलाय. लहानपणीच बर्सा काढून टाकली तर ल्युकोसिसच्या गाठी येत नाहीत, हे १९६० च्या दशकात दिसलं. मॅरेक्स मात्र तरीही होतो, कारण त्याच्या गाठी टी पेशींच्या असतात.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधल्या हॉटन पोल्ट्री संशोधन केंद्रात घडली. पीटर बिग्ज आणि त्यांचे सहकारी तिथे मॅरेक्सच्या मागे लागले होते. १९६७ मध्ये चर्चिल (युद्धवाले नव्हेत) आणि बिग्ज यांना विषाणू सापडला. तो निघाला हर्पीस घराण्यातला, म्हणजे आपल्या कांजिण्यांच्या विषाणूचा लांबचा भाऊबंद. ल्युकोसिसवाला मात्र रेट्रोव्हायरस, एचआयव्ही ज्या मोठ्या कुळातला आहे त्या कुळातला. एक अंड्यातून येतो, दुसरा पिसांच्या मुळातून झडणाऱ्या कोंड्यातून आणि शेडमधल्या धुळीतून. ती धूळ कित्येक महिने रोग लावू शकते.

लस आली, आणि लसीबरोबर पाहुणाही

विषाणू सापडल्यावर लस झपाट्याने आली. १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये अशक्त केलेल्या मॅरेक्स विषाणूची, आणि १९७० मध्ये अमेरिकेत टर्कीच्या अंगात राहणाऱ्या एका निरुपद्रवी भाऊबंद विषाणूची. युक्ती जुनीच, गाईच्या देवीने माणसाची देवी अडवावी तशी. पण मान मोठा. कर्करोगाला रोखणारी ही जगातली पहिली यशस्वी लस. माणसांसाठीच्या नव्हे, कोंबड्यांसाठीच्या! लस सुरू झाली तसं पोल्ट्री धंद्याचं नुकसान धाडकन खाली आलं.

पण मंडळी, मामांच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

लसीतला विषाणू पक्ष्यांच्या जिवंत पेशींवर वाढवावा लागतो. त्या पेशींतच कुणी लपला असेल तर? १९७० च्या दशकात जपानमध्ये नेमकं हे झालं. मॅरेक्सची लस टोचलेली पिल्लं वाढेनात, त्यांची पिसं वेडीवाकडी येऊ लागली. लसीत एक तिसराच विषाणू शिरला होता, रेटिक्युलोएंडोथेलिओसिसचा. हे नाव रेकॉर्ड करताना मला तीन वेळा थांबावं लागलं, म्हणून आपण त्याला आरईव्ही म्हणू. हाही गाठी करणारा, आणि शिवाय पिल्लाची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा.

पुढे आरईव्हीचा आणखी एक पराक्रम उघड झाला. एकाच पेशीत तो आणि मॅरेक्सचा विषाणू एकत्र आले, तर आरईव्ही आपला तुकडा मॅरेक्सच्या जनुकसाखळीत घुसवू शकतो. हे १९९२ मध्ये दाखवलं गेलं. कोंबड्यांच्या देवीच्या विषाणूत तर जवळपास अख्खा आरईव्ही जाऊन बसलेला सापडला. आपण दोन रोग दोन खान्यांत ठेवतो. विषाणूंना ते खाने माहीत नसतात.

आणखी दोन नावं सांगते, कारण पोल्ट्रीवाल्यांच्या घरातल्या श्रोत्यांना ती माहीत असणार. एक गंबोरो. अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये गंबोरो नावाचं गाव आहे, तिथल्या कोंबड्यांवरून १९६२ मध्ये याचं वर्णन झालं. हा विषाणू थेट बर्सावर घाला घालतो. दुसरा चिकन ॲनिमियाचा विषाणू, जपानमध्ये १९७९ मध्ये वेगळा केलेला. हा हाडांतल्या मगजातल्या आणि थायमसमधल्या कोवळ्या पेशी मारतो. हे दोघं स्वतः गाठी करत नाहीत. ते पहारेकऱ्याला झोपवतात. मग लस टोचलेली असली तरी तिचा उपयोग करून घेणारं सैन्यच जागेवर नसतं, आणि मॅरेक्सला मोकळं रान मिळतं.

उलटही घडतं. मॅरेक्सवरच्या लसींमध्ये वापरला जाणारा एक निरुपद्रवी विषाणू काही विशिष्ट जातींच्या कोंबड्यांत ल्युकोसिसच्या गाठी वाढवतो, असं १९८९ मध्ये ईस्ट लॅन्सिंगच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. लस खोटी नव्हती. पण त्या कोंबडीत आधीच दुसरा कुणी होता.

मग शेडमध्ये काय झालं असेल?

मॅरेक्सची बहुतेक लस द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना ठेवतात, कारण ती जिवंत पेशींत असते. बाहेर काढली की थोड्या वेळात टोचून संपवावी लागते. तिथे ढिलाई झाली तर लस मेली. हे हॅचरीच्या बाजूचं.

टोचल्यावर पिल्लाच्या अंगात संरक्षण तयार व्हायला काही दिवस लागतात. त्याच दिवसांत शेजारच्या जुन्या शेडमधली धूळ पिल्लाच्या नाकात गेली तर विषाणू शर्यत जिंकतो. हे शेडच्या बाजूचं. आणि गंबोरो किंवा ॲनिमियाचा विषाणू लहानपणीच लागून गेला असेल तर ती तिसरी बाजू, जी डोळ्यांना दिसतच नाही.

यात आणखी एक पेच आहे. मॅरेक्सची लस कोंबडीला गाठींपासून वाचवते, पण विषाणूला अंगात शिरण्यापासून आणि धुळीतून पसरण्यापासून पूर्ण अडवत नाही. १९७० नंतर या विषाणूचे अधिकाधिक जहाल प्रकार सापडत गेले आणि लसीही बदलाव्या लागल्या. २०१५ मध्ये अँड्र्यू रीड आणि मूळचे केरळचे वेणुगोपाल नायर यांच्या गटाने एक प्रयोग छापला. सगळ्यात जहाल विषाणू बिनलशीच्या कोंबड्यांना सुमारे दहा दिवसांतच मारतो, त्यामुळे तो त्यांच्याकडून फारसा पसरत नाही. लस दिलेल्या कोंबड्या जगतात, आणि विषाणू बाहेर टाकत राहतात.

इथे कुणीतरी लगेच म्हणेल, बघा, मामा बरोबर होते! नाही. लस घेतलेली कोंबडी जगली, हे त्याच प्रयोगात आहे. मेली ती बिनलशीची. त्या प्रयोगाचा धडा एवढाच की अशा रोगात लशीवर सगळा भार टाकून शेड झाडायचं सोडू नका. आणि एका रोगाच्या लसीचा हा स्वभाव उचलून दुसऱ्या रोगाच्या लसीला चिकटवू नका.

अंडं खायचं की नाही?

हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून आधीच सांगते. मॅरेक्सचा विषाणू माणसाला रोग करतो असा पुरावा नाही. ल्युकोसिसच्या विषाणूचं तर नकळत मोठं परीक्षणच झालं. पिवळ्या तापाची लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. त्या लसीच्या जुन्या साठ्यांत ल्युकोसिसचा विषाणू होता, हे १९६० च्या दशकात लक्षात आलं. तोवर लाखो सैनिकांना ती टोचून झाली होती. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापला गेला. कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. तेव्हा ऑम्लेट थंड होऊ देऊ नका.

उलट माणसाने कोंबडीच्या गाठीकडून घेतलंच जास्त. राउसच्या विषाणूवर काम करताना हॉवर्ड टेमिन यांना आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम सापडलं, आणि त्याच वेळी स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनाही. हे १९७० मध्ये. कोविडच्या आरटीपीसीआरमधला 'आरटी' म्हणजे हेच एन्झाइम, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस यांच्या गटाने दाखवलं की राउसच्या विषाणूतलं गाठ करणारं जनुक मुळात विषाणूचं नाहीच, ते निरोगी कोंबडीच्या पेशीतून उचललेलं आहे. तसलंच जनुक तुमच्या-माझ्या पेशींतही आहे. ते बिघडलं की कर्करोगाला वाट मिळते. माणसाचं बोला म्हणणाऱ्यांना कोंबडीने दिलेलं हे उत्तर.

ओसरीवर

हा भाग लिहून झाल्यावर मी मामांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे हॅचरीची लस खरी असू शकत होती?"

मी म्हटलं, "असू शकत होती, मामा. नसूही शकत होती. नमुना गेला असता तर कळलं असतं."

"आणि जुनी बॅच शेजारी होती, ती माझी चूक?"

याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. आपण इतकी वर्षं एकच गुन्हेगार शोधत होतो. मामांना हॅचरी सापडली होती, हॅचरीला मामा. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही कित्येक वर्षं तेच केलं, सगळ्या गाठींना एकच नाव देऊन. मी शेवटी एवढंच म्हटलं, "धुळीचं तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं होतं का?"

मामा काही बोलले नाहीत. उठून शेडकडे गेले, सडलेला कांदा निवडत बसले. निघताना मात्र गाडीजवळ आले.

"पोरी, खालच्या आळीतल्या पोराने नवीन पोल्ट्री टाकलीय. जुन्या शेडला लागूनच. हे जे तू बोलतेस ना, ते त्याच्या मोबाइलवर पाठव."

पाठवलंय. तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल तर तुम्हीही पाठवा. भेटू पुढच्या भागात.